बेदाणा पॅकिंगचे काम संगणकावर शिकवता येईल का?

प्रश्न (पालक, सिडको, नाशिक) :
माझ्या २१ वर्षांच्या मुलाला मध्यम स्वरूपाचे बौद्धिक दिव्यांगत्व आहे. पिंपळगाव बसवंतजवळचे एक परिचित बेदाणा पॅकिंगच्या कामावर त्याला घ्यायला तयार आहेत. पाव किलोची पाकिटे भरणे, वजन करणे आणि सील मारणे एवढेच काम आहे. टॅबलेटवर तो तासन्‌तास रमतो, त्यामुळे हे काम आधी त्यावरच शिकवावे असा विचार आहे. याचा कितपत उपयोग होईल?

उत्तर (विशेष शिक्षिका, नाशिक रोड) :
उपयोग होतो, मात्र तयार खेळ किंवा ॲप शोधू नका. पडद्यावर बोटाने बेदाणे सरकवणाऱ्या मुलाला खरे पाकीट उघडून धरता येईलच असे नाही, कारण एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी वापरणे हेच या मुलांना सर्वांत जड जाते. त्याऐवजी त्याच जागी, त्याच मशीनवर काम करणाऱ्याचे चित्रीकरण खांद्यामागून करा, म्हणजे त्याला स्वतःचे हात जसे दिसतात तसेच ते पडद्यावर दिसतील. एका पायरीची एकच छोटी चित्रफीत ठेवा आणि ती दाखवल्यावर लगेच खऱ्या पाकिटावर तेवढीच पायरी करून घ्या. सुरुवात शेवटच्या पायरीपासून करावी. आधीचे सगळे तुम्ही करा, सील त्याला मारू द्या आणि मग एकेक पायरी मागे या; काम पुरे केल्याचा आनंद पहिल्या दिवसापासून त्याचाच असतो. सीलची पट्टी तापते, तेव्हा बोटे कुठे ठेवायची याची चित्रफीत वेगळी घ्या. हात बसला की टॅबलेट काढून घ्यायचा, हे बहुतेक पालक विसरतात.

उत्तर (लघुउद्योजक, अंबड) :
ताईंचे म्हणणे पटते, पण खरी अडचण वजनाची येईल. आमच्याकडे नटबोल्ट भरणाऱ्या एका तरुणाला काट्यावरचे २४७ ग्रॅम म्हणजे पाव किलोपेक्षा कमी की जास्त हे कळत नसे. कमी, बरोबर आणि जास्त असे दिवे लागणारा काटा आणल्यावर तो प्रश्न मिटला. शिकवणीइतकेच साधनही बदलावे लागते. आणखी एक, ‘शिकतो आहे’ या नावाखाली बिनपगारी राबवणे चालू देऊ नका. मजुरी किती आणि कोणत्या दिवसापासून, हे आधीच लेखी ठरवून घ्या.

प्रश्नकर्ते पालक :
दोघांचेही आभार. वीज गेल्यावर किंवा पाकीट फाटल्यावर तो गोंधळून जागचा उठतो, त्याचे काय करावे?

उत्तर (विशेष शिक्षिका) :
त्याचेही चित्रीकरण करा : हात थांबवणे, मशीनचे बटण बंद करणे आणि ठरलेल्या एकाच व्यक्तीला हाक मारणे. ती व्यक्ती मालकांपेक्षा शेजारच्या मेजावरची असलेली बरी.