मणिपूरच्या छावण्या आणि 'आयतं खाणारे'

रानवारा:
परवा इथेच एकाने लिहिलं, "मणिपूरवाले 2023 पासून छावणीत आयतं खातायत, आता जा म्हणावं घरी." डोकं फिरलं म्हणून लिहितोय. घरी म्हणजे कुठे हो? 3 मे 2023 ला खोऱ्यातले मैतेई आणि डोंगरातले कुकी या दोन समाजांत पेटलं, साठेक हजार माणसं उठली, चुराचांदपूर-मोरे या शहरांतले मैतेई इंफाळ खोऱ्यात आले, इंफाळचे कुकी डोंगरात गेले, मधे बफर झोन म्हणजे सुरक्षा दलांनी अडवलेला पट्टा, आणि घर नेमकं पलीकडे, तेही जळलेलं. माझ्या ऑफिसातली कुकी मुलगी आईला भेटायला जाते ती इंफाळला उतरू शकत नाही, मिझोरामच्या ऐझॉलला उतरून पुढे अख्खा दिवस गाडीत. आई छावणीत, हॉस्टेलच्या खोलीत, मधे चादरी लावून तीन कुटुंबं.

स्पष्टवक्ता_सांगली:
तो मीच. शिव्या नकोत. सरकारने प्रीफॅब (तयार भाग जोडून उभी केलेली) घरं दिली, पैसे दिले, अजून किती? सवय लागते माणसाला. ब्रू आदिवासींचंच बघा, 1997 ला मिझोराममधून त्रिपुरात आले, कितीदा परत पाठवायला बघितलं, हलले का?

मुक्ता७:
ब्रूंचं उदाहरण देताय ना, मग पूर्ण द्या. मोठ्या माणसाला दिवसाला 600 ग्रॅम तांदूळ आणि 5 रुपये, याची सवय लागते?? 2019 ला रेशन बंद करूनही बघितलं, तरी बरेच गेले नाहीत, कारण परत मार पडायची भीती. शेवटी जानेवारी 2020 ला त्रिपुरातच वसवायचा करार झाला.

कोयनाकाठ:
सगळं खरं, पण आमच्याबद्दल कोण धागा काढणार? आजोबांचं गाव कोयनेत गेलं, सोलापूरकडे जमीन दिली, माळरान नुसतं. सातबाऱ्यावर अजून वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. तिसरी पिढी हेलपाटे घालतेय.

मुक्ता७:
दादा, विषय युद्धासारख्या परिस्थितीचा आहे. तुमच्या मागे कोणी बंदूक घेऊन लागलं नव्हतं.

कोयनाकाठ:
बंदूक नव्हती, पाणी होतं. आजी उंबऱ्याला पाणी लागेपर्यंत उठली नव्हती. आणि तुम्ही मला विस्थापन शिकवताय, पुण्याच्या फ्लॅटमधून?

मुक्ता७:
मी नाशिकची आहे. भाड्याने राहते.

रानवारा:
अरे भांडू नका. फरक एवढाच की कोयनेत घर गेलं तरी शेजारी शेजारीच राहिला, तिकडे शेजाऱ्यानेच पेटवलंय.

कोयनाकाठ:
शेजारी रायगडला गेला आमचा. आम्ही सोलापूरला. लग्नकार्याला भेटतो.

रानवारा:
बरं, चुकलं. पण नोव्हेंबर 2024 ला जिरीबामच्या बोरोबेक्रा छावणीतून सहा बायका-पोरं उचलली, नंतर प्रेतं मिळाली. छावणीतसुद्धा सुरक्षित नाहीत, आणि हे म्हणे गावी जा.

स्पष्टवक्ता_सांगली:
ठीक, 'आयतं' मागे घेतो. खूश? छावण्या बंद व्हाव्यात हे माझं मत आहेच.

मुक्ता७:
छावणीतल्यांचंही तेच मत आहे, थोर आहात.

कोयनाकाठ:
ते राहू द्या, वर्ग 2 चं वर्ग 1 करायचा अर्ज कुणी केलाय का इथे? सरकारला भरायचा नजराणा किती पडतो?