मदत हवी आहे: एकच माणूस, दोन बँका, दोन रिस्क प्रोफाइल. खरं कोणतं धरू?

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी. दोन बँकांत खाती आहेत. म्युच्युअल फंडात पैसे टाकायचे म्हणून दोन्हीकडे रिस्क प्रोफाइलची (मी किती जोखीम घेऊ शकते याची) प्रश्नावली भरली. पगार तोच, वय तेच, कर्ज तेच. एका बँकेने मला 'सावध' ठरवलं, दुसरीने 'आक्रमक'. 'संतुलित' मात्र मी कुणालाच वाटले नाही!

'सावध'वाल्या बँकेने बरंच खोदून विचारलं होतं: हप्ते किती, अवलंबून कोण, पैसे कधी लागणार, अडीअडचणीसाठी वेगळे ठेवलेत का. दुसरीने वय, उत्पन्न आणि पूर्वी शेअर्स घेतलेत का एवढं विचारून शेवटी टाकलं, 'गुंतवणूक २० टक्क्यांनी खाली आली तर काय कराल?' मी 'आणखी घेईन' निवडलं. मोबाइलवर टिचकी मारताना कोण घाबरतं?

यातले निम्मे पैसे मुलीच्या शिक्षणासाठी तीनेक वर्षांत लागतील, बाकीचे निवृत्तीसाठी. आता पहिल्या बँकेच्या आरएमचा (रिलेशनशिप मॅनेजर, माझं खातं बघणारी कर्मचारी) फोन आलाय: "मॅडम, तुमचं प्रोफाइल सावध आहे म्हणून सिस्टिम हा फंड घेत नाहीये. फॉर्म परत भरा, कुठे काय टिक करायचं ते मी सांगते."

हे गुण नक्की कसे देतात? आणि फॉर्म परत भरू का?

तिरकस:

आरएमच उत्तरं सांगणार असेल तर प्रोफाइल तिचं की तुमचं? उद्या नुकसान झालं की बँक तुमच्याच सहीचा फॉर्म पुढे करेल. भरू नका.

आकडेमोड:

मी काही वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक प्रश्नावल्या साध्या बेरजेवर चालतात. समजा दहा प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. नऊ उत्तरांना ४-४ गुण मिळाले आणि 'पैसे कधी लागणार' याला फक्त १, तरी बेरीज ५० पैकी ३७ होते आणि माणूस आरामात वरच्या गटात जातो. म्हणजे पैसे लवकर लागणार आहेत ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वय आणि अनुभवाच्या गुणांखाली दबून गेली. तुमच्या दुसऱ्या बँकेने तर ती विचारलेलीही दिसत नाही. काही बँका म्हणून बेरजेवर झाकण ठेवतात: मुदत कमी असेल तर बाकी गुण कितीही असोत, गट अमुकच्या वर जाणार नाही. पहिल्या बँकेत असंच काहीतरी असावं.

मुळात इथे दोन गोष्टी मोजायच्या असतात. एक, तोटा सोसायची ऐपत. ती उत्पन्न, कर्ज, जबाबदाऱ्या आणि मुदत यांवरून बऱ्यापैकी ठरवता येते. दुसरी, तोटा बघून झोप लागते का. ही मोजणं अवघड, कारण ते फक्त तुम्हीच सांगू शकता आणि बाजार वर असताना सगळेच शूर असतात. दोन्हींत फरक पडला तर जी कमी ती धरायची. सरासरी काढली की घोळ होतो.

'२० टक्के' या प्रश्नावर माझा मुळात राग आहे. टक्का कुणाला टोचत नाही. तुमच्या रकमेचे २० टक्के म्हणजे किती महिन्यांचा पगार, ते काढा आणि मग उत्तर द्या. काहनमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की जेवढ्यास तेवढ्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोटा जास्त बोचतो. शिवाय २० टक्के पडल्यावर मूळ रकमेवर यायला २५ टक्के वाढ लागते आणि ५० टक्के पडल्यावर १०० टक्के. तीन वर्षांत ती होईलच याची हमी कोण देणार?

आरएमबद्दल: परिस्थिती बदलली असेल (कर्ज फिटलं, नोकरी बदलली) तर प्रोफाइल जरूर नव्याने करा, ते अधूनमधून करायचंच असतं. पण फंड बसावा म्हणून उत्तरं बदलणं म्हणजे गाडी उलट्या दिशेने हाकणं. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या मिफिड-२ या गुंतवणूक सेवांच्या नियमांत तर ग्राहकाकडून पुरेशी माहिती मिळाली नाही तर सल्ला देऊच नये असं आहे, आणि ग्राहक स्वतःच्या ज्ञानाबद्दल जे सांगतो त्यावर वाजवीपेक्षा जास्त विसंबू नका, असं तिथली नियामक संस्था ईस्मा सांगते. आपल्याकडे सेबीच्या २०१३च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराने प्रोफाइल ठरवल्यावर ते ग्राहकाला कळवायचं असतं.

पाऊलवाट:

बेरजेचं उदाहरण वाचून डोक्यात प्रकाश पडला. पण मग निवृत्तीच्या पैशांचं काय? त्यांना तर पुष्कळ वेळ आहे, तिथेही सावधच राहायचं?

आकडेमोड:

नाही. प्रोफाइल माणसाला लावतात हीच अडचण आहे, ते उद्दिष्टाला लावायला हवं. बँकेला दोन उद्दिष्टं वेगळी नोंदवता येतात का ते विचारा. येत नसतील तर शिक्षणाचे पैसे मुदत ठेवीत किंवा तसल्याच स्थिर जागी ठेवा, तेवढ्यासाठी कुणाच्या प्रोफाइलची गरज नाही. उरलेल्यांसाठी प्रश्नावली भरा आणि मुदतीच्या प्रश्नाला निवृत्तीची मुदत लिहा, ते उत्तर खरंच असेल.

सहीवाली:

एक भर. खातं जोडीदाराबरोबर संयुक्त असेल तर प्रोफाइल कुणाचं धरलंय ते विचारा. आमच्याकडे फॉर्म यांनी भरला आणि रोज ॲप उघडून घाबरते मी.

तिरकस:

आणि भरलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्या ताई. गुण नव्हे, उत्तरांसकट.

पाऊलवाट:

दोन्ही बँकांना प्रत मागणारा ईमेल टाकलाय. आरएमला 'फॉर्म परत भरणार नाही' असं कळवलं, तर म्हणाली, "मग ॲपवरून तुम्ही स्वतःच घ्या ना, तिथे सिस्टिम अडवत नाही."

तिरकस:

अडवत नाही कारण तिथे तो 'सल्ला' राहत नाही, तुमची स्वतःची खरेदी होते. हेच वाक्य तिच्याकडून ईमेलवर मागा, देते का बघा.