डेबियन स्टेबलमध्ये नव्या आवृत्त्यांसाठी सूचना द्याव्यात का?

घणसोलीकर

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. त्यानंतर घणसोली-कोपरखैरण्यातल्या काही सोसायट्यांच्या ऑफिसांतले आणि एका अभ्यासिकेतले जुने पीसी आम्ही डेबियन १३ (मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) वर आणले. मशीन छान चालतात, त्याबद्दल तक्रार नाही.

पण हे बघा. ट्रिक्सी, म्हणजे हीच डेबियन १३, ९ ऑगस्ट २०२५ ला आली, लिब्रेऑफिस (मोफत ऑफिस सॉफ्टवेअर) २५.२ घेऊन. त्याच महिन्यात लिब्रेऑफिसची २५.८ बाहेर पडली. डेबियनची पुढची आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, म्हणजे तोवर आमचे सेक्रेटरी २५.२ वरच. ऑडिटरकडून आलेली डॉकएक्स फाइल उघडली की तक्ते सरकतात, आणि नेमकं तेच काम नव्या आवृत्त्यांमध्ये होत असतं.

स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या रोजच्या वापराच्या स्थिर आवृत्तीत, काहीच हलवत नाहीत असंही नाही. फायरफॉक्स ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारा फायरफॉक्स) नव्या आवृत्तीवर जातं, क्रोमियम तर सतत जातं. मग ऑफिस, फॉन्ट आणि मराठी टायपिंगच्या पॅकेजांनाच वेगळा न्याय का? ठाणे-नवी मुंबईतल्या आपण सगळ्यांनी मिळून डेबियनकडे तशा सूचना पाठवाव्यात, असं माझं मत आहे.

नौपाडा_रूट

साफ असहमत.

फायरफॉक्सला सूट आहे ती नाइलाजाने. एवढ्या मोठ्या ब्राउझरच्या सुरक्षा-दुरुस्त्या जुन्या कोडवर एकेक करून बसवणं माणसांना झेपत नाही. बाकी पॅकेजांत ते होतं. आवृत्तीच्या आकड्यापुढे 'डेब१३यू१' असं शेपूट दिसलं, की समजायचं आकडा जुना असला तरी दुरुस्ती आत आलेली आहे. आकडा बघून पॅकेज शिळं ठरवू नका.

आणि सगळ्यांनी मिळून सूचना पाठवणं कसं अंगाशी येतं, ते एक्सझेडच्या (फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) प्रकरणात दिसलं. मार्च २०२४ मध्ये डेबियनकडे नोंद आली की एक्सझेडची ५.६.१ लवकर घ्या. खाली आणखी काही खात्यांनी री ओढली. ती आवृत्ती अनस्टेबलमध्ये, म्हणजे नवं सगळं आधी येतं त्या शाखेत, गेलीही. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने जाहीर केलं की ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार (बॅकडोअर, म्हणजे मशीनमध्ये गुपचूप शिरायची वाट) ठेवलेलं आहे. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्यांनी ते शोधलं. स्टेबल वापरणारे सुटले, कारण त्यांच्याकडे जुनी आवृत्ती होती. ज्या ऑफिसात सभासदांची कागदपत्रं आहेत, तिथे मला हेच हवं आहे.

घणसोलीकर

@नौपाडा_रूट, एक्सझेड जवळजवळ प्रत्येक मशीनवर, अगदी मुळाशी असतं. मी फॉन्ट आणि ऑफिसबद्दल बोलतोय. आणि जुनं म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. २००६ साली डेबियनने स्वतः ओपनएसएसएलमध्ये (एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक बदल केला आणि त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या. ते मे २००८ मध्ये उघड झालं. मधल्या काळात ते स्टेबलमध्येही बसलेलं होतं.

चरई_डीटीपी

मी ठाण्यात डीटीपी करते, आमच्या सोसायटीच्या नोटिसाही मीच लावते. तुमचा सगळा वाद आकड्यांवर चालला आहे, आणि माझी अडचण आकड्याची नाहीच.

'पायऱ्यांवर चपला ठेवू नयेत' एवढं टाइप करायचं होतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट-जे दाबून ऱ घेतला, पुढे हलन्त, मग य. एका फॉन्टात सुरेख अर्धा र आला. ऑफिसच्या मशीनवर जो फॉन्ट आधीच लावलेला होता, त्यात टिंबासकट ऱ, खाली हलन्त आणि शेजारी सुटा य. नोटीस तशीच छापली गेली असती तर लोकांनी मलाच नावं ठेवली असती. ल आणि श चं तेच. फॉन्टात सोय असते, पण मजकुराची भाषा मराठी लावली तरच मराठी वळण येतं, नाहीतर हिंदी.

यातल्या कशालाच नवी आवृत्ती लागत नाही. आधीपासून काय निवडलेलं असावं, एवढाच प्रश्न आहे. तेवढं कुणी सुचवेल का?

ऐरोली_पॅकेजर

ताई, हीच सूचना सगळ्यात कामाची आहे. मराठी डेस्कटॉपसाठी डेबियनमध्ये टास्क पॅकेज (लागणाऱ्या गोष्टी एकत्र आणणारं पॅकेज) आहे. त्यात कुठला फॉन्ट यावा, आयबस-एम१७एन या टायपिंगच्या पॅकेजमधलं गमभन किंवा इनस्क्रिप्ट२ आपोआप मिळावं का, हे रिपोर्टबग (डेबियनला तक्रार-सूचना पाठवायचं साधन) वापरून 'विशलिस्ट' म्हणजे इच्छा म्हणून नोंदवता येतं. 'पायऱ्या'चे दोन्ही स्क्रीनशॉट आणि फॉन्टची नावं जोडा. मराठी न येणाऱ्या मेंटेनरलाही (पॅकेज सांभाळणाऱ्यालाही) काय बिघडलंय ते दिसलं पाहिजे. फ्रीझच्या, म्हणजे नव्या आवृत्तीआधी बदल थांबवतात त्याच्या, आधी करा. ट्रिक्सीचं फ्रीझ मार्च २०२५ मध्येच सुरू झालं होतं, त्यानंतर असे बदल कुणी हातात घेत नाही.

@घणसोलीकर, 'नवी आवृत्ती आली आहे' एवढंच लिहून पाठवू नका. पॅकेजातल्या वॉच फाइलवरून (मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांवर नजर ठेवणाऱ्या फाइलवरून) ते मेंटेनरला आपोआप कळतं. बहुतेक मेंटेनर नोकरी सांभाळून फुकट काम करतात, दहा जणांनी तेच लिहिलं तर त्यांचा वेळ जातो. कुठली फाइल बिघडते, नव्या आवृत्तीत ती सुधारलेली तुम्ही स्वतः पाहिली का, हे लिहा. आणि लिब्रेऑफिससाठी बॅकपोर्ट्स (स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांचा वेगळा साठा) आहे, स्टेबल न हलवता नवी आवृत्ती तिथून घेता येते.

आणखी एक, त्या सगळ्या मशीनवर पॉपकॉन (कुठली पॅकेजं वापरात आहेत ते डेबियनला कळवणारी सोय) चालू करा. इन्स्टॉल करताना बहुतेक जण त्याला 'नको' म्हणतात, म्हणून मराठीची पॅकेजं किती लोक वापरतात ते मोजणीत दिसतच नाही.

नौपाडा_रूट

फॉन्टच्या सूचनेला माझा पाठिंबा. बॅकपोर्ट्सला नाही. डेबियनची सुरक्षा टीम त्याची जबाबदारी घेत नाही, ते त्या-त्या मेंटेनरवर असतं. अभ्यासिकेतल्या मशीनकडे वर्षभर कोण बघणार आहे?

घणसोलीकर

मी बघतो, म्हणून तर हा धागा काढला. दोन ऑफिसांत बॅकपोर्ट्सवरून लिब्रेऑफिस लावणार आहे, बाकीच्यांना आहे तसंच ठेवतो. तक्ते सरकणाऱ्या फायली नावं-आकडे पुसून गोळा करतोय. @चरई_डीटीपी ताई, त्या फॉन्टचं नाव आणि दोन्ही स्क्रीनशॉट इथे टाकाल का? नोंद मी लिहितो.