ब्रिटनमध्ये कॅम्पिंगसाठी कोणत्या क्लबचे सदस्यत्व घ्यावे?

लेस्टरकर:

नमस्कार. आम्ही दोघे आणि दोन शाळकरी मुले असे आमचे कुटुंब लेस्टरमध्ये राहते. गेल्या काही उन्हाळ्यांपासून आम्ही तंबू घेऊन पीक डिस्ट्रिक्ट आणि वेल्सच्या किनाऱ्यावर जातो. आजवर प्रत्येक वेळी खासगी साइट शोधून तिथे जागा राखून ठेवत आलो, परंतु आता मुले मोठी होत आहेत आणि पुढील वर्षी जुनी कॅरॅव्हॅन (मोटारीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर) किंवा लहान मोटरहोम (आतच राहण्याची सोय असलेली मोटारगाडी) घ्यावी असा विचार घरात सुरू आहे. त्यामुळे एखाद्या क्लबचे सदस्य व्हावे असे वाटते.

अडचण अशी की दोन मोठे क्लब आहेत, त्यांची नावे जवळजवळ सारखी आहेत आणि वर्णनही सारखेच वाटते. एक ‘कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब’ आणि दुसरा ‘कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब’. या दोहोंत खरा फरक काय आहे? आज तंबू आणि उद्या कॅरॅव्हॅन अशा आमच्या स्थितीत कोणता निवडावा? आम्ही शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेले आहोत, हेही लक्षात घ्यावे. शिवाय उन्हाळ्यात माझे आईवडील भारतातून येतात आणि त्यांनाही एखाद्या सहलीला सोबत नेण्याची आमची फार इच्छा आहे. ज्यांनी यांपैकी एखाद्या क्लबचे सदस्यत्व वापरले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

पायवाट:

आपण आज तंबूत राहता, म्हणून तंबूपासूनच सुरुवात करते. कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लबची मुळे तंबूत आहेत. टॉमस हायरम होल्डिंग या व्यवसायाने शिंपी असलेल्या गृहस्थांनी १९०१ मध्ये सायकलवरून फिरत तंबूत राहणाऱ्यांची संघटना काढली आणि तीच पुढे वाढत जाऊन आजचा क्लब झाली. स्काउट चळवळीचे बेडन-पॉवेलही अनेक वर्षे तिचे अध्यक्ष होते. दुसरा क्लब १९०७ मध्ये ‘कॅरॅव्हॅन क्लब’ म्हणून स्थापन झाला, त्या वेळी कॅरॅव्हॅन घोडे ओढत असत. ‘मोटरहोम’ हा शब्द त्याच्या नावात २०१७ मध्ये आला. हा इतिहास सांगण्याचे कारण असे की त्याचा ठसा दोन्ही क्लबांच्या साइटवर आजही उमटलेला दिसतो. पहिल्या क्लबच्या बहुतेक साइटवर तंबूसाठी गवताची मोकळी जागा, भांडी धुण्याची सोय आणि गाडीशिवाय, पायी किंवा सायकलने आलेल्या माणसाची दखल घेण्याची पद्धत आढळते. दुसऱ्या क्लबच्या काही साइट तंबू स्वीकारतात, पण सगळ्या नाहीत. तिथली आखणी मुख्यतः खडी टाकलेल्या पक्क्या जागा आणि विजेची जोडणी यांभोवती झालेली आहे.

आपण पीक डिस्ट्रिक्टला जाताच, तर पहिल्या क्लबची हेफील्डची साइट अवश्य पाहावी. तिथून किंडर स्काउटच्या पठारावर चालत जाता येते. १९३२ मध्ये सामान्य माणसाला डोंगरावर फिरण्याचा हक्क मिळावा म्हणून तिथल्या खासगी जमिनीवर जो प्रसिद्ध विनापरवानगी सामूहिक प्रवेश झाला, त्याची वाटही हेफील्डहूनच निघाली होती. मुलांना तो इतिहास त्या जागी उभे राहून सांगण्यात जो अर्थ आहे, तो घरी पुस्तकातून सांगण्यात नाही. लेक डिस्ट्रिक्टमधील केझिकची साइट डरवेंटवॉटर तलावाच्या अगदी काठावर आहे आणि गावात पायी जाता येते. आपल्या आजच्या गरजेला हाच क्लब योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅरॅव्हॅन घेतल्यावर दुसऱ्याचा विचार करता येईल.

चाकांवरचे घर:

पायवाट यांचे तंबूविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र क्लबांची निवड त्यांच्या मोठ्या साइट पाहून करू नये, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. मोठ्या साइटपैकी बहुतेकांवर सदस्य नसलेल्यांनाही थोडे अधिक शुल्क भरून राहता येते. सदस्यत्वाचे खरे मोल आहे ते शेतांवरच्या लहान, पाच जागांच्या साइटमध्ये. तिथे बिगर-सदस्यांना प्रवेशच नसतो.

या लहान साइट कशा अस्तित्वात आल्या, हे समजले की निवड सोपी होते. १९६० च्या कॅरॅव्हॅन साइट कायद्यानुसार कॅरॅव्हॅनसाठी जमीन द्यायची असेल तर स्थानिक परिषदेचा परवाना लागतो. मात्र काही मान्यताप्राप्त संघटनांना त्याच कायद्याने सूट दिली आहे. अशी संघटना एखाद्या शेतकऱ्याला प्रमाणपत्र देऊ शकते आणि त्या प्रमाणपत्रावर तो एका वेळी जास्तीत जास्त पाच कॅरॅव्हॅन किंवा मोटरहोम ठेवू शकतो. परंतु त्या केवळ त्या संघटनेच्या सदस्यांच्याच असाव्या लागतात आणि कोणालाही सलग २८ दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. म्हणजे ‘फक्त सदस्यांसाठी’ ही अट कायद्यातूनच आलेली आहे. कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब अशा जागांना ‘सर्टिफिकेटेड लोकेशन’ म्हणतो आणि त्याच्याकडे त्या २,००० हून अधिक आहेत. कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लब त्यांना ‘सर्टिफिकेटेड साइट’ म्हणतो. त्यांची संख्या कमी असली तरी तिथे पाच वाहनांखेरीज जागा असेल तर दहापर्यंत तंबूही लावता येतात. आपल्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

म्हणून माझा सल्ला असा आहे की दोन्ही क्लबांचे नकाशे उघडावेत आणि आपण जिथे खरोखर जाता त्या भागात, म्हणजे पीक डिस्ट्रिक्ट आणि वेल्सच्या किनाऱ्यावर, कोणाच्या लहान साइट अधिक आणि सोयीच्या आहेत ते पाहावे. त्यांत तंबू चालणाऱ्या कोणत्या आणि वीज असलेल्या कोणत्या, हेही निरखून पाहावे. देशभरातील एकूण संख्येचा आपल्याला काही उपयोग नाही.

वाहनाबद्दल एक गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांनी इथे येऊन नव्याने चाचणी दिली आहे, कारण भारतीय परवान्यावर इथे स्थायिक झाल्यानंतर १२ महिनेच गाडी चालवता येते आणि तो बदलून मिळत नाही. १ जानेवारी १९९७ नंतर चाचणी उत्तीर्ण झालेल्यांना पूर्वी जड कॅरॅव्हॅन ओढण्यासाठी वेगळी चाचणी द्यावी लागत असे. ती अट १६ डिसेंबर २०२१ पासून रद्द झाली आणि आता साध्या मोटारीच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. मोटरहोमचे तसे नाही. ३,५०० किलोपेक्षा अधिक कमाल वजनाच्या मोटरहोमसाठी वेगळा परवाना लागतो, आणि जुन्या, मोठ्या, चौघांच्या सोयीच्या मोटरहोम पुष्कळदा या मर्यादेच्या वर जातात. कॅरॅव्हॅन घेतल्यास तिचे पूर्ण भरलेले वजन आपल्या मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असे दोन्ही क्लब नवशिक्यांना सांगतात. ही कायद्याची अट नाही, पण ती पाळावी. सामान भरतानाही जड वस्तू चाकांच्या आसाजवळ आणि तळाशी ठेवाव्यात, नाहीतर महामार्गावर मागचा भाग डोलू लागतो आणि ते अत्यंत धोक्याचे असते. दोन्ही क्लब कॅरॅव्हॅन ओढण्याचे आणि मागे घेण्याचे शिक्षण देतात. मी तर म्हणेन की कॅरॅव्हॅन विकत घेण्याआधीच तो अभ्यासक्रम करावा.

लेस्टरकर:

दोघांचेही मनापासून आभार. लहान साइटमागचा कायदा मला अजिबात ठाऊक नव्हता. दोन शंका उरतात. पहिली, या लहान साइटवर स्वच्छतागृहे असतात का? आईवडिलांना घेऊन जायचे तर तो प्रश्न सर्वांत आधी येतो. दुसरी, शाळेच्या सुट्टीत या जागा मिळतात तरी का? की सदस्य होऊनही आम्हाला ऑगस्टमध्ये ‘जागा नाही’ हेच ऐकावे लागेल?

दक्षिण किनारा:

मी दोन्ही क्लबांचा सदस्य राहिलो आहे, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

स्वच्छतागृहांबद्दल आपण गृहीत काहीही धरू नये. पाच जागांच्या साइटवर पिण्याच्या पाण्याचा नळ, केमिकल टॉयलेट रिकामे करण्याची जागा आणि कचऱ्याची सोय एवढे हमखास असते. त्यापलीकडे काही ठिकाणी उत्तम न्हाणीघर असते आणि अनेक ठिकाणी काहीच नसते, कारण येणारे आपल्या कॅरॅव्हॅनमधील शौचालय वापरतील असेच गृहीत धरलेले असते. तंबूत राहणाऱ्या कुटुंबाने, विशेषतः वयस्कर माणसे सोबत असताना, प्रत्येक साइटची नोंद नीट वाचूनच जागा घ्यावी. आईवडिलांसोबतच्या सहलीसाठी क्लबची मोठी साइटच घ्यावी, असे मला वाटते. तिथे गरम पाणी, स्वच्छता आणि मदतीला माणूस, या तिन्ही गोष्टींची खात्री असते. रात्री अंधारात ओल्या गवतातून किती अंतर चालावे लागेल, हेही साइटला आधी फोन करून विचारावे आणि न्हाणीघराजवळची जागा मागावी. अशी विनंती केल्यास साइटवरचे लोक सहसा मनापासून मदत करतात.

सुट्टीबद्दल. लेस्टरमधील शाळांची उन्हाळी सुट्टी परंपरेने इंग्लंडच्या इतर बहुतेक भागांपेक्षा आधी सुरू होते, हे आपल्या बाजूने असलेले फार मोठे बळ आहे. जुलैच्या मध्याला, इतर मुले शाळेत असताना, आपल्याला दर आणि जागा दोन्ही अनुकूल मिळतील. त्याचप्रमाणे स्कॉटलंडच्या शाळा ऑगस्टच्या मध्यास पुन्हा उघडतात, तेव्हा त्या सुमारास तिकडे जागा मोकळ्या होऊ लागतात. फक्त पश्चिम स्कॉटलंडमध्ये त्या दिवसांत संध्याकाळी मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचा त्रास असतो, म्हणून डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या न विसरता न्याव्यात. मुलांना तो त्रास मोठ्यांपेक्षा अधिक जाणवतो.

आता एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, जिची फारशी चर्चा होत नाही. कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लबच्या जिल्हावार शाखा आहेत आणि आवडीनुसार बनलेले गटही आहेत: छायाचित्रण, नौकाविहार, लोकनृत्य, हलक्या सामानाने फिरणारे, असे अनेक. या शाखा उन्हाळ्यात एखाद्या शेतावर, शाळेच्या मैदानावर किंवा गावाच्या क्रीडांगणावर काही आठवड्यांची तात्पुरती साइट उभारतात. तिथे सोयी अगदी मोजक्या असतात, पण शुल्क कमी असते, व्यवस्था सदस्यच पाहतात, आणि मुलांना दिवसभर खेळायला सोबती मिळतात. नव्याने या देशात आलेल्या कुटुंबाला इथल्या माणसांची ओळख होण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. संध्याकाळी शेजारच्या तंबूतून कोणी चहाला बोलावते आणि तिथून ओळखी वाढत जातात. दुसऱ्या क्लबचीही स्थानिक केंद्रे आहेत आणि तीही मेळावे भरवतात, मात्र ते प्रामुख्याने कॅरॅव्हॅन आणि मोटरहोम असलेल्यांचे असतात. आपली मुले शाळकरी आहेत, म्हणून केवळ या एका कारणासाठीही मी आपल्याला पहिला क्लब सुचवेन.

पायवाट:

दक्षिण किनारा यांच्या प्रतिसादाला एक जोड देते. कोणताही क्लब न घेताही आता पूर्वीपेक्षा अधिक पर्याय आहेत. इंग्लंडमध्ये जुलै २०२३ पासून शेतकऱ्याला नियोजन परवानगी न घेता वर्षातून ६० दिवस, ५० जागांपर्यंत, तात्पुरती साइट चालवता येते. ती सवलत तंबू आणि मोटरहोम यांच्यासाठी आहे, ओढून नेण्याच्या कॅरॅव्हॅनसाठी नाही. आपण कॅरॅव्हॅन घेणार की मोटरहोम, यावर हाही फरक अवलंबून आहे. म्हणून मी असे सुचवेन की एका वर्षात आपल्या कुटुंबाच्या किती रात्री क्लबच्या साइटवर जातील याचा कागदावर अंदाज करावा, सदस्य नसल्यास प्रत्येक रात्री जे अधिक शुल्क पडते त्याने त्याला गुणावे आणि आलेली रक्कम वार्षिक वर्गणीशी ताडून पाहावी. लहान साइट वापरणार नसाल आणि रात्रीही थोड्याच असतील, तर वर्गणी भरून निघणार नाही, हे मी क्लबची चाहती असूनही सांगते.

चाकांवरचे घर:

हा हिशेब योग्य आहे, परंतु त्यात शहरांजवळच्या साइट धरायला विसरू नये. तिथे कॅरॅव्हॅन अँड मोटरहोम क्लब उजवा ठरतो. लंडनमधील ॲबी वूडची त्याची साइट झाडीत आहे, तंबूही घेते, आणि जवळच्या स्टेशनवरून एलिझाबेथ लाइनने थेट मध्य लंडनमध्ये जाता येते. आईवडिलांना लंडन दाखवायचे असेल तर हॉटेलच्या तुलनेत हा फार चांगला पर्याय आहे. यॉर्कची साइट ऊझ नदीकाठी, शहरापासून चालण्याच्या अंतरावर आहे. फक्त लंडनला जाण्याआधी आपली मोटार तिथल्या अतिकमी उत्सर्जन क्षेत्राच्या (ULEZ) प्रदूषण नियमांत बसते का हे तपासावे. २९ ऑगस्ट २०२३ पासून ते क्षेत्र संपूर्ण महानगराला लागू आहे आणि डिझेल मोटार साधारणपणे युरो ६ या उत्सर्जन मानकाची नसेल तर ॲबी वूडलाही, ज्या दिवशी ती चालवाल त्या प्रत्येक दिवसाचे शुल्क भरावे लागते.

लेस्टरकर:

सर्वांचे पुन्हा आभार. काल रात्री आम्ही दोघांनी नकाशा आणि वही घेऊन बसून पाहिले. आमच्या नेहमीच्या भागात तंबू चालणाऱ्या लहान साइट पहिल्या क्लबच्याच अधिक सापडल्या, म्हणून या वर्षी कॅम्पिंग अँड कॅरॅव्हॅनिंग क्लबचे सदस्यत्व घेत आहोत. जुलैच्या मध्याला हेफील्ड घ्यायचे ठरले आहे आणि आईवडिलांसोबत ॲबी वूडला बिगर-सदस्य म्हणून जाऊ. कॅरॅव्हॅन ओढण्याच्या शिक्षणासाठी शरद ऋतूतील तारखा पाहतो आहोत. तो अभ्यासक्रम होईपर्यंत कॅरॅव्हॅनची खरेदी थांबवली आहे. लेस्टरशायर शाखेच्या तात्पुरत्या साइटवर कोणी यापूर्वी मुलांसह राहिले असल्यास, तिथे वीज नसताना अन्न थंड ठेवण्यासाठी काय करता, तेवढे कृपया लिहावे.

दक्षिण किनारा:

थोड्या दिवसांसाठी जाड भिंतींची शीतपेटी पुरते. निघण्याच्या आदल्या दिवशी पाण्याच्या बाटल्या गोठवून त्या तळाशी ठेवाव्यात, दूध त्या बाटल्यांना लागूनच ठेवावे आणि पेटी तंबूच्या सावलीच्या बाजूला, जमिनीपासून थोडी उचलून ठेवावी. अनेक मोठ्या साइटवर बर्फाच्या पिशव्या पुन्हा गोठवून मिळतात. तात्पुरत्या साइटवर ती सोय सहसा नसते, म्हणून जवळच्या गावातील दुकान आधीच पाहून ठेवावे.