लॉकडाऊनमधली चालढकल: जिद्द कमी पडली की तारीखच पळत राहिली?

पेठेतला वाचक
'लॉकडाऊनने पोरं आळशी झाली' असं सरसकट बोललं जातं. स्पर्धा परीक्षांपुरतं तरी मला ते पटत नाही. राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २०२० बघा. ५ एप्रिलची परीक्षा २६ एप्रिलवर गेली, तिथून १३ सप्टेंबर, २० सप्टेंबर, ११ ऑक्टोबर, १४ मार्च २०२१ असं करत करत शेवटी २१ मार्चला झाली. चालढकलीवर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांच्या सूत्रात प्रेरणा म्हणजे यशाची खात्री गुणिले फळाचं मोल, आणि त्याला भागायचं उतावीळपणा गुणिले विलंबाने. इच्छा तेवढीच राहिली तरी छेद वाढला की भागाकार घसरणारच. छेद कुणी वाढवला ते सांगायला नको.

कट्टा_४२
अहो, यूपीएससीची पूर्व ३१ मेवरून एकदाच हलली आणि ४ ऑक्टोबरला झाली. नवी तारीख जूनमध्येच कळली होती, तरी तिथे काय टंगळमंगळ कमी होती? खरी मेख वेळापत्रकात आहे. रंगीत पेनांनी बारा तास आखायचे, तिसऱ्या दिवशी ते मोडायचं, मग 'सोमवारपासून नव्याने'. मानसशास्त्रज्ञ ॲटकिन्सन यांनी १९५७ मध्येच मांडलंय: ज्याला अपयशाची धास्ती जास्त, तो एकतर फारच सोपं ध्येय धरतो, नाहीतर अशक्य. बारा तास जमले नाहीत म्हणून कोण बोल लावणार? चार तास ठरवून मोडले तर मात्र लाज वाटते. टेलिग्रामवरच्या पीडीएफ साठवणं त्यातलंच. डाउनलोड झालं की वाचल्यासारखं वाटतं.

रेंज नाही
दोघंही जागा विसरलात. अभ्यासिकेतली खुर्ची निम्मं काम करायची. शेजारच्याने पान उलटलं की आपलंही पुस्तक उघडायचं. गावी परतल्यावर ती खूणच गेली. त्यावर मानसशास्त्रज्ञ गोल्विट्झर यांची 'जर अमुक झालं, तर तमुक करणार' ही जर-तरची रीत चालते. नुसतं 'पॉलिटी (राज्यघटनेचा विषय) करणार' असं लिहू नका. लिहा: 'चहाचा कप विसळून ठेवला की कलम ५२ ते ६२ वाचून लगेच १० प्रश्न सोडवणार.' घड्याळाची वेळ टाळा. सातला वीज गेली की साडेसात, मग आठ, मग 'आता जेवूनच बसू'. कप मात्र रोज विसळला जातोच. आणि दिवसाला असे जर-तर दोनच. सहा लिहिले की एकही पाळला जात नाही.

पेठेतला वाचक
बारा तासांचं मान्य. पण आयोगाची तारीख नसेल तर आपली लावावी लागते. दर रविवारी १०० प्रश्न, दोन तास, छापलेली ओएमआर (गोल काळे करायची उत्तरपत्रिका), काळं बॉलपेन. वेळ संपली की पाच मिनिटांत त्या पानाचा फोटो मित्राला. मध्ये 'दोनच मिनिटं' उठलात तर पेपर बाद धरा, नाहीतर गुण उगाच फुगतात.

कट्टा_४२
स्वतः लावलेली तारीख मऊ असते हो. एरिएली आणि वेर्टेनब्रोख या संशोधकांच्या २००२ च्या प्रयोगात, स्वतः मुदत ठरवणाऱ्यांपेक्षा ज्यांच्यावर सारख्या अंतराने मुदती लादल्या त्यांचं काम सरस निघालं. मित्र फोटोला अंगठा देतो आणि विसरतो. त्यापेक्षा ओएमआर त्यालाच तपासू द्या, आणि उत्तरतालिका तुमच्याकडे ठेवूच नका.