अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेआधी भीतीची गोळी: मदत हवी आहे

खालची डावी अक्कलदाढ आडवी, हाडात रुतलेली. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) बघून डॉक्टर म्हणाले, हिरडी कापून, थोडं हाड घासून दाढेचे तुकडे करून काढावी लागेल. शुक्रवारी सकाळी ११ ला बोलावलंय.

दुखण्याचं मला काही नाही, दोन बाळंतपणं झालीत. भीती त्या खुर्चीची. परवा नुसतं तपासायला गेले, तर आरसा तोंडात जाताच हातपाय गार. मदतनीस मुलीचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वळ माझ्या तळव्यावर उठला.

म्हणून अल्प्राझोलम ०.२५ लिहून दिलीय, एक आदल्या रात्री, एक शुक्रवारी तासभर आधी. सासूबाई म्हणतात, "माझी झोपेची गोळी आहे की घरात, अर्धी घे." गोळी घेऊन मी जागी राहीन का? दवाखाना दहा मिनिटांवर आहे, स्कूटीने गेले तर चालेल? आणि सर्दीसाठी रात्री सेट्रिझिन घेते, ते सांगायचं राहूनच गेलं.

प्रतिसाद १
दंतवैद्य आहे, म्हणून लिहितो. जाग्याच असाल. ही गोळी भीती उतरवते, दुखणं नाही. बधिर करायला लिग्नोकेनचं इंजेक्शन लागतंच. त्यात बहुतेकदा ॲड्रेनलिन असतं, त्यानं थोडा वेळ छाती धडधडू शकते. आधी माहीत असलं की माणूस दचकत नाही.

सेट्रिझिनचं आजच फोन करून सांगा, दोन्हींनी गुंगी येते. झोपेत घोरत असाल, श्वास अडकत असेल, तर तेही. सासूबाईंची गोळी नकोच. डायझेपाम असेल तर अंमल दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो, आणि त्यांची मात्रा त्यांच्यासाठी ठरवलेली आहे. संमतीपत्रावर सही गोळीच्या आधी करा, गुंगीतली नको. स्कूटी विसरा. सोबत माणूस हवा, २४ तास गाडी चालवायची नाही.

प्रतिसाद २
मला गोळीनं फारसा फरक पडला नव्हता. मग दुसऱ्या दवाखान्यात नाकावर मास्क लावून लाफिंग गॅस दिला. खांदे आपोआप सैल पडले, तरी डॉक्टरांचं बोलणं सगळं कळत होतं. शेवटी नुसता ऑक्सिजन दिला, काही मिनिटांत उतरलं. सगळीकडे सोय नसते, विचारून बघा. आणि खूण ठरवून घ्या: डावा हात वर केला की त्यांनी थांबायचं. मी एकदाच केला, तोही ड्रिलच्या आवाजाला.

धागाकर्ती
फोन केला. सेट्रिझिन गुरुवारी रात्री घेऊ नका म्हणाले. गोळ्या आणायला गेले तर केमिस्टनं चिठ्ठी मागितली, वहीत नाव लिहून घेतलं, मगच दिल्या. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "एवढी कडक असते होय!" आता स्वतःचा डबा कपाटात कुलपात ठेवलाय. शुक्रवारी रिक्षानं त्याच येणार आहेत सोबत.