इशारा पातळीला घर सोडायचं की वरच्या मजल्यावर थांबायचं?

कृष्णाकाठ:
ग्रुपवर पोस्ट फिरतेय: "दुमजली घर असेल तर हलू नका, आठवड्याचा शिधा भरा, चोऱ्या टळतील." कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठच्या आंबेवाडी, प्रयाग चिखलीच्या माणसाला हा सल्ला जीवघेणा आहे. पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. तिथे घराआधी रस्ता बुडतो, त्यामुळे उंबऱ्याकडे नाही, रस्त्याकडे बघून निघायचं. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि कित्येक दिवस हटलं नाही. उपसा केंद्रं बुडाली की नळ बंद, वीज आधीच तोडलेली. रात्री आजारी माणसाला बोटीतून काढणार? त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली होती.

वाडकर:
पोस्ट माझीच आहे. दोन म्हशी आणि अंथरुणावरची म्हातारी माणसं घेऊन 39 फुटाला जायचं कुठे? छावणीत वैरण कोण देतं? आणि मुळात खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणात पाणी तुंबवून ठेवतात त्याबद्दल कुणी का बोलत नाही?

जलमापक:
पुराचा अभ्यास करणाऱ्या सरकारी वडनेरे समितीने 2019 च्या पुराला अलमट्टी जबाबदार नसल्याचं म्हटलं. पाऊस, कोयना-राधानगरी धरणांचे विसर्ग, पूररेषेतली बांधकामं यावर बोला.

वाडकर:
मग अलमट्टीची उंची 519 वरून 524 मीटर करायला महाराष्ट्राचा विरोध कशाला? समित्यांचं आम्हाला सांगू नका.

जलमापक:
उंची वाढवायला माझाही विरोध आहे. पण आज रात्री पाणी चढतंय, तेव्हा अलमट्टीचं भांडण तुमच्या म्हशी वाचवणार नाही. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी भरली की मध्यरात्रीही उघडतात, कुणाची परवानगी मागत नाहीत.

कृष्णाकाठ:
जनावरं इशाऱ्याच्याही आधी हलवायची. पाण्यात उभी जनावरं टेम्पोत चढत नाहीत. तेही जमलं नाही तर निदान दावी सोडा. बांधलेलं जनावर जागेवर मरतं. कानातल्या बिल्ल्याचा फोटो ठेवा, पंचनाम्याला लागतो.

तारजोडणी:
दोघंही घराचं विसरताय. मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टर घरात करंट देत राहतो. तो बंद करून बॅटरीच्या वायरी सोडवा, बॅटरी वर न्या. पाय पाण्यात असताना बोर्डाला हात लावू नका. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी बसवा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने बांधा. भरलेलं सिलिंडरही तरंगतं, आडवं होऊन दारावर आपटत राहतं.

वाडकर:
भरलेलं कसं तरंगेल?

तारजोडणी:
गॅससकट वजन 30 किलोच्या आसपास, आणि बुडताना ते बाजूला सारतं त्या पाण्याचं वजन त्याहून जास्त. नहाणीची मोरी आणि कमोड वाळूच्या पिशव्यांनी दाबा. दारात वाळूची भिंत घालूनही घाण आतून वर येते ती तिथूनच. पाण्याच्या टाकीचं झाकण घट्ट बांधा.

वाडकर:
मोरीचं आणि इन्व्हर्टरचं पोस्टमध्ये घालतो. म्हातारी माणसं आणि म्हशी आधी हलवाव्यात, हेही घालतो. पण धडधाकट दोघं घर राखायला थांबली तर बिघडलं कुठे?

कृष्णाकाठ:
दोघांसाठीही बोट यावीच लागते. पुराच्या ओढीत गुडघाभर पाणी माणसाला पाडतं, खाली उघडं गटार दिसतसुद्धा नाही. कुलूप लावा, सातबारा-आधार-पासबुक प्लॅस्टिकच्या डब्यात घ्या आणि रस्ता उघडा आहे तोवर निघा. "वर थांबा" ही ओळ पोस्टमधून आत्ता काढा, चिखलीतही ती वाचली जातेय.